थांबलेला सूर

ज्या घरातील एखादा गुणी मुलगा ऐन उमेदीत मनाच्या आजाराने मागे पडला, त्या घरासाठी हे लिहीत आहे. माझे घर त्यांपैकीच एक.

सिड बॅरेट हे नाव आपण कदाचित ऐकले नसेल. ‘पिंक फ्लॉइड’ या पुढे जगभर गाजलेल्या ब्रिटिश बँडचा तो आरंभीचा मुख्य गायक, गिटारवादक आणि बहुतेक गीतांचा कर्ता. १९६७ साली बँडचा पहिला अल्बम निघाला, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याची मनःस्थिती ढासळू लागली. एलएसडीसारख्या अमली पदार्थाचे सेवनही चालू होते. १९६८च्या वसंतात तो बँडपासून वेगळा झाला.

जानेवारी १९७०मध्ये ‘द मॅडकॅप लाफ्स’ हा त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम आला. त्याचे ध्वनिमुद्रण वर्षाहून अधिक काळ रेंगाळले. अखेरीस डेव्हिड गिल्मोर आणि रॉजर वॉटर्स या बँडमधील दोघांनी हाती घेऊन ते पुरे केले. त्यातील एका गाण्याच्या आरंभी बॅरेटचा आवाज चिरकतो, तो थांबतो, दोन शब्द बोलतो आणि पुन्हा सुरुवात करतो. हे सारे अल्बममध्ये तसेच ठेवलेले आहे.

माझ्या भाच्याने हा अल्बम मला ऐकवला. त्या थांबण्यापाशी मी अस्वस्थ झाले, कारण मला आमचा दादा आठवला. दादा महाविद्यालयात असताना उत्तम गात असे. स्नेहसंमेलनातील त्याच्या गाण्याची एक कॅसेट आमच्या घरी होती. आजारपणानंतर त्याचे गाणे थांबले. पण पाहुणे आले की मी हौसेने ती कॅसेट लावत असे. ‘काय गळा होता हो!’ असे कोणीतरी म्हणे आणि दादा मुकाट्याने उठून आत जाई. मला वाटे, मी त्याचा गौरव करीत आहे. ‘होता’ हा शब्द त्याला कसा लागत असेल, हे अनेक वर्षे माझ्या ध्यानात आले नाही.

बॅरेट पुढे केंब्रिजला, आपल्या जन्मगावी परतला. तेथे तो सिड राहिला नाही. रॉजर या मूळ नावाने जगला. चित्रे काढी, बागकाम करी. त्याच्या बहिणीचा त्याला आधार होता. २००६ साली, वयाच्या साठाव्या वर्षी तो वारला. दाराशी येणाऱ्या चाहत्यांना जुना सिड हवा असे. रॉजरला मात्र त्याच्याविषयी बोलायचे नसे.

हे समजल्यावर मी दादाजवळ बसून विचारले, ‘‘ती कॅसेट मी लावायची, तुला आवडायचे नाही ना?’’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘तुला आनंद व्हायचा, म्हणून बोललो नाही.’’

कॅसेट आता त्याच्याच कपाटात आहे. हल्ली मी त्याला गच्चीवरच्या मिरचीच्या रोपांविषयी विचारते, आणि तो भरभरून सांगतो. औषधे वेळेवर चालू आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून गोळी कमी करायची नाही, हा आमचा नियम आहे.

आपल्या घरी असे कोणी असेल, तर त्याच्या जुन्या कर्तृत्वाचा विषय काढण्यापूर्वी त्याला एकदा विचारा. कोणाला अभिमान वाटेल, कोणाला वेदना होतील. कोठून सुरुवात करावी हे उमगत नसेल, तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. आजारी माणसाच्या कुटुंबीयांनाही.

काल संध्याकाळी रोपांना पाणी घालताना दादा काहीसे गुणगुणत होता. मध्येच थांबला. मी जिन्यातच उभी राहिले, वर गेले नाही.