शजऱ्यात नसलेल्या बायका

शहागंजच्या घड्याळाकडून आमच्या गल्लीत वळलं की उजव्या हाताला खालाचं घर लागतं. पुढच्या खोलीत तिची शिलाई मशीन. ईदच्या आधी त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. दोन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये तिने एका आलिमाबाईंना फोन करून विचारलं, पाळी बंद होऊन सहा वर्षं झालीत, आता पुन्हा डाग पडतात, रोजा-नमाज होते का? उत्तर मसल्याप्रमाणे बरोबर मिळालं. हे हैज नाही, इस्तिहाजा आहे. दर नमाजेच्या वेळी ताजं वुजू करा, रोजे ठेवा. खाला निर्धास्त झाली.

चार महिन्यांनी कपडे खराब व्हायला लागले तेव्हा आम्हाला कळलं. मी चिडून विचारलं, डॉक्टरला का नाही दाखवलंस? म्हणाली, "नमाज होती की नहीं, बस इतनाच पूछना था मेरेकु."

आलिमाबाईंना मी दोष देत नाही. त्यांना जे विचारलं ते त्यांनी सांगितलं. पण त्या उत्तराला एक वाक्य जोडायला हवं होतं असं मला आजही वाटतं: पाळी बंद झाल्यावर पडलेला एक डागसुद्धा डॉक्टरला दाखवायचा असतो. दर वेळी तो कॅन्सर नसतो, बहुतेकदा नसतोच. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर ज्यांना होतो, त्यातल्या बहुतेक बायकांना पहिली खूण हीच मिळते. लवकर मिळते, ही त्यातली मेहेरबानी.

ऑपरेशन झालं, गर्भाशय निघालं. काढलेला तुकडा तपासणीसाठी मुंबईला गेला आणि रिपोर्टमध्ये एक ओळ आली: एमएसएच२ आणि एमएसएच६ ही प्रथिनं पेशींत दिसत नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता फक्त पेशंटचं नाही, खानदानाचं बघावं लागेल.

ही ओळ समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला वाढतं आणि गळतं. इस्ट्रोजेन त्याला वाढ म्हणतं, प्रोजेस्टेरॉन थांब म्हणतं. पाळी गेल्यावर अंडाशय शांत होतं, पण अंगावरची चरबी थोडंथोडं इस्ट्रोजेन बनवत राहते आणि थांब म्हणणारं कोणी उरत नाही. म्हणून लठ्ठपणात हा धोका वाढतो. वाढायचं म्हणजे पेशींनी दुभंगायचं, आणि दर वेळी डीएनएची सुमारे सहा अब्ज जोड्यांची नक्कल करायची. नकलेत चुका होतात. बहुतेक जागीच दुरुस्त होतात, काही राहून जातात. पीटेन नावाचं जनुक पेशीच्या वाढीला ब्रेक लावतं. या कॅन्सरच्या नेहमीच्या प्रकारात हा ब्रेक फार वेळा तुटलेला सापडतो.

खालाला मी तिच्याच भाषेत सांगितलं. एक कारागीर शिवता शिवताच टाका बघतो. दुसरा मागून येतो, चुकलेला टाका उसवतो आणि परत घालतो. एमएसएच२ हा दुसरा कारागीर, आणि एमएसएच६ त्याच्याच आधाराने उभा राहतो. पहिला नसेल तर दुसराही टिकत नाही, म्हणून रिपोर्टमध्ये दोघं एकदम गायब. उसवणारं कोणी नाही म्हटल्यावर चुका साचत जातात आणि कधीतरी ब्रेकच्या जनुकात चूक पडते. खाला म्हणाली, मग शिवणाऱ्याचाच दोष. तेही खरं असतं कधीकधी. २०१३ साली ३७३ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात या कॅन्सरचे चार गट पडले. एका गटात शिवतानाच टाका बघणारं पोले हे जनुक बिघडलेलं होतं. त्या गाठींत चुका सगळ्यात जास्त, आणि त्याच बायका सगळ्यात चांगल्या राहिल्या. इतकी विचित्र झालेली पेशी शरीराचे पहारेकरी ओळखतात, असं त्याचं एक कारण सांगतात. सगळ्यात वाईट गट बहुतांशी टीपी५३ बिघडलेल्यांचा.

खालाचा बिघाड जन्मतःच आलेला निघाला. याला लिंच सिंड्रोम म्हणतात. असे गर्भाशयाचे कॅन्सर शंभरात तीनेकच. पण ज्या घरात ते असतं तिथे गर्भाशय, आतडं, अंडाशय, पिढ्यानपिढ्या. १८९५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला एका शिलाई करणाऱ्या बाईने सांगितलं होतं की मीही घरच्यांसारखी कॅन्सरनेच मरणार. ती तशीच गेली, गर्भाशयाच्या कॅन्सरने. वॉर्थिनने तिच्या खानदानाची नोंद १९१३ मध्ये छापली. हेन्री लिंचने पुढे तेच घराणं पुन्हा तपासलं, आणि २००० साली त्यांच्यातला बिघाड सापडला: एमएसएच२. शिलाईवाली बाई आणि हेच जनुक. खालाला सांगितलं तर ती बराच वेळ सुई हातात घेऊन बसून राहिली.

खारघरला, टाटाच्या संशोधन केंद्रात, समुपदेशक बाईंनी कागद पुढे घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आतून काळा. मी अभिमानाने सांगितलं, आमच्याकडे शजरा आहे, सात पिढ्यांचा. फोटो दाखवला. त्यात नानांचे वडील, त्यांचे वडील, सगळे चौकोन. गोल एकही नाही.

मग फोन सुरू झाले, जालना, परभणी, हैदराबाद. नानी "पेट में गोला" होऊन गेली. नानीची बहीण बवासीरने, म्हणजे रक्त जात होतं एवढंच माहीत. मामू चव्वेचाळीसाव्या वर्षी आतड्याच्या आजाराने. नानीचं नाव तर कोणाला पटकन आठवेना, सगळे तिला बीबीच म्हणायचे.

एका मामीने लगेच निकाल दिला, चुलत-मामे लग्नांनी हे झालं. तसं नाही. आई किंवा बाप, एकाकडूनच बिघडलेली प्रत आली तरी पुरते, आणि प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, निम्मी शक्यता. मात्र दोघंही वाहक असतील तर एखाद्या लेकराला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळू शकतात. ते दुर्मीळ, पण फार वाईट. लहानपणीच कॅन्सर.

खालाच्या मुलीचा रिश्ता ठरला होता. खाला म्हणाली, रिपोर्ट कपाटात ठेव. मी भांडले. शेवटी मुलीनेच मुलाला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, बाळाला होईल का? पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही, ती हे वाचते.

वाहक असेल त्याने साधारण पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी आतड्याची दुर्बिणीची तपासणी करायची. मुलं झाल्यावर गर्भाशय काढण्याचा पर्यायही डॉक्टर बायकांना सांगतात. माझा भाऊ म्हणतो, बायकांचा आजार आहे, माझी कशाला टेस्ट? मामूचं नाव काढलं की विषय बदलतो.

अम्मीचा निकाल आधी हवा. तिच्यात नसेल तर आम्हा भावंडांना तिच्याकडून यायचा प्रश्नच नाही. तिने मागच्या आठवड्यात रक्त दिलं. रिपोर्टला काही आठवडे लागतील. शजऱ्याच्या झेरॉक्सवर मी नानीचा गोल काढलाय, नाव खालाने सांगितलं.