रेडिएटरचे लेग-गार्ड

मंडळाच्या उन्हाळ्यातल्या बैठकीला आम्ही मनगटाला पट्टी बांधून आलो, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारपूस केली. गाडीची मात्र कुणीच केली नाही. खरी जखमी तीच होती.

आमची डर्ट बाइक सेकंडहँड, २५० सीसीची. हॉलिस्टर हिल्सच्या एका चढाच्या वळणावर, जेमतेम सायकलच्या वेगात, आम्ही डावीकडे आडवे झालो. उडी नाही, शर्यत नाही. उठून पाहतो तो टाकीखालून वाफ आणि हिरवे पाणी.

पुण्यात वडिलांची स्प्लेंडर कितीदा पडली असेल! वाकला तर आरसा, नाहीतर लेग-गार्ड. तिचे इंजिन वाऱ्यावर थंड होते, फुटायला रेडिएटरच नाही. या गाडीला मात्र टाकीच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर आणि वर पातळ प्लॅस्टिकचे आवरण. गाडी आडवी झाली की जमिनीचा धक्का सरळ आत पोचतो.

वाकलेला रेडिएटर आम्ही लाकडी ठोकळ्याने सरळ करायला बसलो. थोडा झाला, अजून थोडा हवा म्हणून पुन्हा दाबला, आणि नळी तडकली. अ‍ॅल्युमिनियम वाकवून उलटे वाकवले की त्या जागी कडक होत जाते आणि मग तुटते, हे एके काळी परीक्षेत लिहून आम्ही मार्कही घेतले होते.

नव्या रेडिएटरला स्वस्तातले गार्ड लावले. ते समोरून उडणारे दगड अडवतात, पण त्यांचे स्क्रू रेडिएटरलाच. पुढच्या पडण्यात सगळा भार रेडिएटरच्याच कानांवर आला. बाजूने पडण्यासाठी हवा तो फ्रेमला बोल्टने बांधलेला ब्रेस. धक्का फ्रेमने खायला हवा. आता तसे लावले आहेत. परवा उजवीकडे पडलो, ब्रेस किंचित वाकला, रेडिएटर शाबूत. मात्र जाळीत चिखल बसला की वारा अडतो आणि इंजिन तापते. धुवायचे ते साध्या नळीने, मागून पुढे. प्रेशर वॉशरने आतले नाजूक पंख आडवे होतात.

पण लिहायला बसलो ते एवढ्यासाठी नाही. त्या पहिल्या दिवशी गळकी गाडी तशीच गॅरेजमध्ये लावून आम्ही आंघोळीला गेलो. परत येतो तो आमची तीन वर्षांची कन्या हिरव्या थारोळ्याशेजारी उकिडवी बसलेली, बोट ओले, तोंडाकडे निघालेले. हिने मागून हात धरला म्हणून.

कूलंटमध्ये बहुधा एथिलिन ग्लायकॉल असते. चवीला गोड. शरीरात त्याचे शेवटी ऑक्झॅलिक आम्ल होते आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात जाऊन बसतात. सुरुवातीला माणूस नुसता दारू प्यायल्यासारखा दिसतो, त्यात वेळ जातो. प्रयोगशाळेत बाटलीवर लेबल नसले तर विद्यार्थ्यांवर ओरडणारे आम्ही, आणि घरी फरशीवर थारोळे!

बोट तोंडात गेले नव्हते, तरी आम्ही फोन केला. अमेरिकेत विषबाधेसाठी १-८००-२२२-१२२२ हा नंबर चोवीस तास चालतो. शंका आली की लगेच करावा, लक्षणांची वाट पाहू नये. सांडलेले कूलंट मांजराच्या वाळूत टिपून काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्यावे, गटारात नाही. आता आमच्या गाडीत प्रॉपिलिन ग्लायकॉलचे कूलंट आहे. ते बरेच कमी विषारी, पण म्हणून सरबत नव्हे.

गॅरेजच्या आतल्या दाराला उंचावर कडी बसली आहे. गाडी विकायची की ठेवायची, ही चर्चा आमच्याकडे अजून चालू आहे.