कुळाचा कोंबडा

कोंबडी काळी करणं फार सोपं आहे. कडकनाथचा एक कोंबडा गावठी कोंबड्यांत सोडला की वर्षभरात अंगणात काळ्या तलंगा फिरायला लागतात. कातडी काळी, जीभ काळी, तळपाय काळे. आठवडी बाजारात त्या कडकनाथ म्हणूनच खपतात आणि घेणाऱ्याच्या मनात शंकाही येत नाही. या जातीचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे रंग, आणि सगळ्यात कमी भरवशाचा पुरावाही तोच.

आमचं शेत शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरापलीकडे बडवानी, नर्मदेपलीकडे धार, आलीराजपूर आणि पुढे झाबुआ. कडकनाथ हा त्या मुलखाचा, भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी राखलेला. झाबुआच्या काळ्या मांसाला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यासाठीचा अर्ज तिथल्या ग्रामीण विकास ट्रस्टने केला होता. पण मानांकन मिळालंय ते मांसाला. मांस कुठलं एवढं ते सांगतं. माझ्या खुराड्यातल्या कोंबड्याचा आजा कोण, हे त्या कागदावरून कळत नाही. ते मलाच वहीत लिहून ठेवावं लागतं.

जातीचं वर्णन मात्र ठरलेलं आहे. नर दीड ते दोन किलो, मादी एक ते दीड. वयात यायला साधारण सहा महिने, वर्षाला शंभराच्या आसपास अंडी. पिल्लू निळसर काळं, पाठीवर गडद वेडेवाकडे पट्टे. चोच, पाय, नखं पाटीच्या रंगाची. तुरा, कल्ले आणि जीभ जांभळट. पिसांचे तीन वाण : निखळ काळा, मानेवर रुपेरी रेघा असलेला आणि सोनेरी झाक असलेला. अंडं मात्र फिकट बदामी, गावठीसारखंच. यावर गिऱ्हाइकं हिरमुसतात. "ताई, अंडी काळी नाहीत?" असं विचारून एकाने पाटी परत ठेवली होती. रक्त काळं असतं ही अशीच एक बाजारगप्प. रक्त लालच असतं, जरा गडद.

माझ्या हातात पक्षी आला की मी पिसांकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी चोच उघडून जीभ आणि टाळू. मग तळपाय, मग पंखाखालची कातडी, जिथे ऊन लागत नाही. तुऱ्यावरून घाईने निकाल देत नाही, कारण कोंबडा माजावर आला किंवा तलंग अंड्यावर आली की चांगल्या कुळातल्या पक्ष्याचाही तुरा तांबूस दिसतो. कानाच्या पाळीवर पांढरा डाग असेल तर तो पक्षी विणीसाठी राखायचा नाही. आणि जे नर कापायला जातात त्यांचं पोट मी स्वतः उघडते. श्वासनलिका, हाडावरचा पातळ पापुद्रा, आतड्यांना धरणारा पडदा किती काळे आहेत ते बघते. मेलेला भाऊ जिवंत भावांबद्दल बरंच सांगतो.

आता तलंगा का फसवतात ते सांगते, कारण पिल्लं विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं. काळेपणाचा मुख्य गुण वरचढ आहे. आई किंवा बाप, एकाकडून आला तरी दिसतो. पण त्याला दाबणारा दुसरा एक गुण असतो आणि तो लिंगाशी बांधलेला आहे. पक्ष्यांत नराकडे झेड गुणसूत्रं दोन, मादीकडे एकच, आणि ते एकही तिला बापाकडून मिळालेलं. म्हणजे कडकनाथ कोंबडा आणि गोऱ्या पायांची गावठी कोंबडी यांच्या संकरात लेकींना दाबणारा गुण मिळतच नाही. त्या जवळजवळ बापाइतक्या काळ्या निघतात. लेकांना तो आईकडून मिळतो, त्यामुळे त्यांचे पाय आणि कातडी फिकी, डागाळलेली राहते. इंग्लंडच्या बेटसन आणि पनेट यांनी चीनच्या सिल्की कोंबड्यांवर हा हिशेब १९११ साली मांडला होता. सिल्की, जावाचा आयाम सेमानी आणि आपला कडकनाथ यांचा काळेपणा एकाच मुळाचा आहे : विसाव्या गुणसूत्रावरचे दोन तुकडे दुप्पट होऊन जुळण्याची जागा बदललेली. म्हणून तिकडचा नियम इकडेही लागू पडतो.

आता एखाद्या खुराड्यात दहा तलंगा काळ्याभोर दिसल्या आणि त्यांचे भाऊ विचारल्यावर "ते विकले" असं उत्तर आलं, तर मी परत फिरते.

काळ्या पायांच्या गावठीशी संकर झाला असेल तर मात्र लेकही काळे निघतात. मग डोळ्यांनी काही ठरत नाही. अशा संशयित कोंबड्याला शुद्ध कोंबड्यांत ठेवून काहीच कळणार नाही. सगळी पिल्लं काळीच निघतील आणि त्यातल्या निम्म्यांत खोट लपून पुढे जाईल. त्याची परीक्षा घ्यायची तर त्याला गावठीतच न्यावं लागतं. काळ्या पायांची, पण गोऱ्या मांसाच्या कुळातली गावठी कोंबडी द्यायची, ती खुडूक झाली की तिचीच अंडी तिच्याखाली रवणीला ठेवायची. कोंबडा मिश्र असेल तर साधारण निम्मी पिल्लं गोरी निघतात. तो मिश्र असूनही दहाच्या दहा काळी निघण्याची शक्यता हजारात एक. शुद्धतेची खात्री करायला मुद्दाम भेसळ करावी लागते, याची मला अजून गंमत वाटते. ती पिल्लं अर्थातच कापायची, एकही विणीत येऊ द्यायची नाही. आणि त्या खेपेनंतर कोंबडी दुसऱ्या कोंबड्याकडे दिली तर तीन आठवडे तिची अंडी फक्त खायला. जुन्या कोंबड्याचं बीज तिच्या अंगात तेवढे दिवस टिकतं.

रंगाची खातरजमा इथे संपते, जातीची संपत नाही. चार-पाच पिढ्या काळे तेवढे निवडत गेलं तर रंग शंभर नंबरी होतो आणि आतला पक्षी भलताच असू शकतो. मला याची चाहूल बहुतेक वेळा तराजूवर लागते. वीस आठवड्यांचा कडकनाथ नर किलोच्या आगेमागे असतो. त्याच वयात तो दोन किलोला टेकला तर त्याच्यात कुठेतरी मांसल जातीचं रक्त आहे. गिऱ्हाईक नेमका तोच मागतं. संकराला माझा विरोध नाही. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथ आणि कॅरी रेड यांच्यापासून 'कॅरी श्यामा' तयार केली, ती जास्त अंडी देते आणि संकर म्हणूनच ओळखली जाते. नाव लपवून केलेला संकर मला चालत नाही. गिऱ्हाइकाचा दुसरा हट्ट निखळ काळ्याचा. मानेवर रुपेरी रेघ दिसली की "हा भेसळीचा" म्हणतात. मग विकणारेही रुपेरी आणि सोनेरी पिल्लं आधी काढून टाकतात. या कौतुकानेच तीनातले दोन वाण जातील, अशी मला भीती वाटते. मी तिन्ही राखते आणि रुपेरीला भाव कमी मिळतो तो सोसते.

सगळ्यात अवघड काम कोंबडे जास्त ठेवण्याचं. ते अंडी देत नाहीत, भांडतात आणि दाणे खातात, म्हणून सगळे एक-दोनच ठेवतात. आता हिशेब बघा. नर आणि माद्यांच्या संख्यांचा गुणाकार करायचा, त्याची चौपट करायची आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. दोन कोंबडे आणि वीस कोंबड्या असतील तर डोकी बावीस, पण रक्ताच्या दृष्टीने तो कळप जेमतेम सात पक्ष्यांचा. कोंबडे पाच केले की तोच कळप सोळाचा होतो. सातच्या कळपात काही पिढ्यांतच अंडी वांझ निघतात, पिल्लं कवचातच मरतात, उबवणी खालावते. तशी कडकनाथची उबवणी मुळातच बेताची.

म्हणून माझ्याकडे तीन खुराडी आहेत आणि लग्नातल्या गोत्रासारखा नियम आहे. लेकी आईच्या खुराड्यात राहतात. वरच्या खुराड्यातले लेक विहिरीजवळच्या खुराड्यात जातात, विहिरीजवळचे बांधावरच्या आणि बांधावरचे वरच्या. त्यामुळे सख्ख्या भावाबहिणींची जोडी लागत नाही. पिल्लू बाहेर आलं की पहिल्याच दिवशी त्याच्या बोटांमधल्या पडद्याला खुराड्याप्रमाणे भोक पाडते. कडी पायातून निसटते, रंग उडतो, भोक राहतं. कडकनाथ कोंबडी सहसा रवणीला बसत नाही, म्हणून घरच्या पिल्लांना गावठी आई असते आणि जास्तीची अंडी मशिनात जातात.

२०१९मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावाने गुंतवणुकीचा मोठा घोटाळा झाला आणि शेकडो शेतकरी बुडाले. त्यानंतर वर्षभर कडकनाथ म्हटलं की लोक हसायचे. पुढे २०२०च्या अखेरीस धोनीने झाबुआहून दोन हजार पिल्लं मागवल्याची बातमी आली आणि तेच लोक फोन करायला लागले. भाव दोन्ही वेळा जातीशी संबंध नसलेल्या कारणाने हलला. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं ते त्यानंतर लगेचच, जानेवारी २०२१मध्ये घडलं. झाबुआतल्या कडकनाथच्या फार्मवर बर्ड फ्लू आढळला आणि पक्षी मारावे लागले. एकाच मुलखात सगळं बी असलं की एक साथ पुरते. इकडे खानदेशात, विदर्भात, कुठेही कोणी जपून राखलेली कुळं असणं म्हणूनच गरजेचं आहे.

तुम्ही राखणार असाल तर नर-माद्या मिसळ असलेली पिल्लं घ्या, दोन वेगळ्या ठिकाणची घ्या, रुपेरी मानेची दिसली तर हौसेने घ्या. आणि नर पाच महिन्यांचे होऊन त्यांचे तळपाय आणि वजन बघून होईपर्यंत एकही तलंग कडकनाथ म्हणून विकू नका.