पारधीचा हात

आमच्या घरात पारध होती हे हल्ली सांगताना आवाज थोडा खाली आणावा लागतो. पण सत्तरीतल्या बहुतेक जुन्या घरांत ती होती. आजोबांकडे पोर्तुगीज अमदानीतली ठासणीची बंदूक होती. भात पिकायला आले की रानडुकरांचा उपद्रव सुरू व्हायचा आणि मग गावची पारध निघायची. हाकारे एका अंगाने रान उठवत यायचे आणि बंदूकवाले पलीकडे जनावरांच्या वाटेवर दबा धरून बसायचे. मिळालेल्या जनावराचे वाटे पडायचे. देवाचा वाटा, बंदुकीचा वाटा, हाकाऱ्यांचा वाटा... कुत्र्यांनासुद्धा विसरत नसत.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि निदान आमच्या घरातली पारध थांबली. वडील तेव्हा सरकारी नोकरीत होते. पुढे मीही बी. ए. होऊन कारकुनीला लागलो. ज्याच्या टेबलावरून कायद्याचे कागद जातात त्याने रात्री बंदूक घेऊन हिंडू नये, असे वडील म्हणायचे. मला ते आजही पटते.

मात्र रक्तातली पारध मेली नाही, ती फक्त लहान झाली. मृगाचा पाऊस पडला की रात्री बत्ती घेऊन कुर्ल्या धरायला जायचे. ओहोळ भरला की चढणीचे मासे बघायचे. श्रावणात रोयणीवर, म्हणजे ज्या वारुळाला आम्ही सातेरी म्हणून हात जोडतो त्या वारुळावर, उगवणारी अळमी शोधायची. अभयारण्याची हद्द सोडून, आपल्याच शेताच्या बांधावर आणि आपल्याच ओहोळात. कचेरीत दिवसभर 'सादर' आणि 'अवलोकनार्थ' लिहिणाऱ्या माणसाला वर्षातून या चार रात्री पुरत असत.

2016 च्या काजूच्या दिवसांत हे सगळे तुटले.

त्याच्या आदल्या वर्षी, 2015 मध्ये, सत्तरीतल्या पाली गावात माकडतापाने माणसे आजारी पडली होती. तोवर हा रोग आम्हाला ऐकूनही ठाऊक नव्हता. 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा सापडला, म्हणून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. रानात माकडे मरू लागतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी खाली पालापाचोळ्यात उतरतात आणि तिथे बोंडू गोळा करणाऱ्या, लाकूडफाटा आणणाऱ्या माणसाला चावतात. तो माणसाकडून माणसाला होत नाही. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, म्हणजे नेमके आमचे काजूचे दिवस.

रविवारी बागायतीत बिया वेचून आलो आणि त्यानंतर चार-पाच दिवसांनी कचेरीतच थंडी वाजून आली. कपाळात कुणीतरी पहार रोवावी तसे डोके दुखू लागले. अंग असे दुखायचे की अंगावरची चादरही जड वाटावी. हिरड्यांतून रक्त आले तेव्हा बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेले. बारा दिवसांनी ताप उतरला. घरी आलो, आईने देवाला नारळ ठेवला, आणि तिसऱ्या आठवड्यात ताप परत आला. काही रोग्यांना तो असा दुसऱ्यांदा येतो आणि या खेपेला मेंदूकडे जातो. त्या दिवसांतले मला फारसे आठवत नाही. मी पत्नीला ओळखत नव्हतो आणि छतावर मेरू चरताहेत म्हणून सांगत होतो, असे नंतर कळले.

या रोगात शंभरातले तीन ते पाच जण जातात. मी राहिलो. पण हात थरथरू लागले. पावसाळाभर घरी होतो. कामावर रुजू झालो तेव्हा टिपणीवरची माझी अक्षरे मुंग्या चालाव्यात तशी दिसत. बाजूच्या टेबलावरचे सहकारी काही न बोलता माझे कागद आपल्याकडे ओढून घेत. तो चांगुलपणा ताठ मानेने घेणे फार कठीण जाते.

त्या रिकाम्या दिवसांत मी गोचिडीविषयी मिळेल ते वाचले. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, पाठलागही करत नाही. गवताच्या पात्यावर ती चढते, मागच्या पायांनी पाते धरते, पुढचे दोन पाय हवेत पसरते आणि थांबते. जाणाऱ्या जनावराचा श्वास, अंगाची ऊब तिला कळते. तो घासून गेला की ती त्याच्या अंगावर असते. वाचता वाचता मी पुस्तक मिटले. हे तर आजोबांचे बसणे! वाट ओळखायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि हलायचे नाही. तीन पिढ्या आम्ही दुसऱ्याच्या वाटेवर बसलो. मोहरीएवढे काहीतरी आमच्या वाटेवर बसले होते, एवढेच. मला तिचा राग आला नाही. मात्र ज्याच्यावर नेम धरला गेला त्याला काय वाटते, हे आमच्या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी कळले होते.

2017 च्या मृगात पहिला जोराचा पाऊस झाला. संध्याकाळी शेजारचे काका पडवीत येऊन उभे राहिले. "बत्ती काढली आहे," एवढेच म्हणाले. मी आत बघितले. पत्नी म्हणाली, "आणखी एकदा बांबोळीच्या वाऱ्या करायची ताकद माझ्यात नाही हां. तुम्ही ठरवा." मी तिला समजावू लागलो की माणसाला चावणाऱ्या त्या बारीक गोचिडींचा हंगाम पावसाबरोबर सरतो. ती म्हणाली, "मला रोगाचं सांगू नका. मी पण वाचलंय. तुमचे पाय ओहोळात टिकतील का, ते सांगा."

त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. शेवटी तिनेच गमबूट काढून दिले आणि मुलाला माझ्याबरोबर धाडले.

कुर्ली धरणे हे ताकदीचे काम नाही, हाताचे आहे. उजेडाने ती क्षणभर बावरते. तेवढ्यात मागून हात नेऊन पाठीवर दाबायचे आणि आंगड्यांच्या मागे बोटांची पकड घ्यायची. हात हलला की एक तर ती बिळात जाते, नाही तर बोट फोडते. पहिल्या दोन माझ्या हातून गेल्या. काका दुसरीकडे बघत राहिले. मुलगा म्हणाला, "बाबा, मी धरू?" मी नको म्हटले.

तिसऱ्या वेळी मी हाताशी भांडलो नाही. थरथरणारा हात तसाच पाण्यात ठेवला, कोपर बांधाच्या दगडावर टेकवले आणि थांबलो. वाहत्या पाण्यात सगळेच थोडे हलत असते, त्यात माझा हातही हलत राहिला. कुर्ली जागची सरकली नाही. मी तिला धरले.

उलटी करून पाहिली तर पोटाखालच्या झाकणात मुगाएवढी पिल्ले खच्चून भरलेली. ओहोळातल्या कुर्लीची पिल्ले आईच्या पोटाखालीच आकार घेतात आणि मगच पाण्यात उतरतात. अशी कुर्ली आजोबाही सोडत, तो जुना नेमच आहे. पण आधी मी नेम म्हणून सोडायचो. त्या रात्री खाली वाकून, पाण्याला टेकवून सोडली आणि ती दगडाखाली जाईपर्यंत बत्ती बाजूला धरली. घरी सहा कुर्ल्या नेल्या. त्यांतल्या चार मुलाने धरलेल्या होत्या.

त्याला आता काही वर्षे झाली. हाताची थरथर बरीच कमी झाली आहे, अक्षर मात्र पूर्वीचे आले नाही. लोक विचारतात, ज्या रानाने मारायला काढले तिथे परत कशाला जातोस? खरे सांगायचे तर धैर्य सिद्ध करायला मी जात नाही. घरात बसून मला रानाची भीती वाटायची ती आंधळी होती. रानात गेल्यावर ती डोळस झाली. कुठले दिवस, कुठले गवत, कुठली वाट, हे ती मला सांगू लागली. आजोबांकडेही तीच भीती असणार. आम्ही तिला पारध्याचे कसब म्हणत होतो.

काजूच्या बागायतीतही मी जातो. वाचकहो, तुमच्यापैकी कुणी त्या दिवसांत आमच्याकडच्या रानात येणार असाल तर एवढे करा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, विजार मोज्यात खोचा, आरोग्य केंद्रात गोचिडीसाठीचे तेल मिळाले तर उघड्या अंगाला लावा. पाचोळ्यावर बसू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा, अंग नीट तपासा. माकड मेलेले दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. आणि रानातून आल्यावर आठवडाभरात ताप चढला तर डॉक्टरांना आधी हे सांगा की आपण रानात गेलो होतो.

माझे कपडे अजूनही पत्नीच तपासते, दिव्याखाली धरून, शिवणीन् शिवण. तिची नजर आता माझ्यापेक्षा तयार झाली आहे.