चार नाड्यांचा मास्क

मी नर्सिंगला होते तेव्हा ओटीतले मास्क कापडी असत. गॉजचे पदर एकावर एक शिवलेले, चार कोपऱ्यांना चार नाड्या. धुऊन वाळून आले की आम्ही विद्यार्थिनी नाड्यांचा गुंता सोडवत घड्या घालायचो, ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हला लावायचो. ड्रम उघडल्यावर येणारा गरम कापडाचा वास मला अजून आवडतो. मास्क नाकाखाली घसरला की ओटीच्या सिस्टर बाहेरच काढायच्या. ‘‘पेशंटचं पोट उघडं आहे आणि तुझा श्वास त्यात पडतोय,’’ म्हणायच्या.

मास्क पेशंटसाठी असतो, हे तेव्हाच मनात पक्कं बसलं. साध्या बोलण्यातूनही जंतू असलेले थेंब उडतात, हे कार्ल फ्ल्युगे या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं आणि १८९७ मध्ये ब्रेस्लाऊचे सर्जन योहान मिकुलिच तोंडावर गॉज बांधून ऑपरेशन करू लागले.

पुढे टीबीच्या वॉर्डात बदली झाली. तिथे आम्ही एन-९५ लावायचो आणि थुंकी पॉझिटिव्ह आलेल्या पेशंटला साधा सर्जिकल मास्क द्यायचो. नातेवाईक विचारत, चांगला तुम्हाला आणि हलका आम्हाला? प्रश्न रास्तच होता. साधा मास्क बाहेर पडणारे थेंब तोंडाशीच अडवतो, पण त्याच्या कडेने हवा आत शिरते. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसतो आणि ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण अडवतो. त्याच्या मधल्या थरातल्या तंतूंवर विद्युतभार असतो, बारीक कण त्याकडे ओढले जातात. साबणाने धुतला तर हा भार जातो. मास्क दिसतो तसाच, पण कामाचा राहत नाही.

एक मावशी मात्र मास्क हातातच धरून बसायच्या. ‘‘सिस्टर, मला वाळीत टाकलं का हो?’’ मी म्हटलं, ‘‘मावशी, नातू डबा घेऊन येतो ना, त्याच्यासाठी आहे हा.’’ त्या संध्याकाळी नातू जिन्यात दिसताच त्यांनी स्वतःच नाड्या बांधल्या, मागची गाठ मला घट्ट करायला लावली.

मास्कचा अपमान वाटणं शिकलेल्यांनाही चुकलेलं नाही. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली. पेनांगमध्ये जन्मलेले तरुण डॉक्टर वू लिएन-ते सांगत होते, हा हवेतून पसरतो, गॉज आणि कापसाचा मास्क बांधा. मेनी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांनी ते मानलं नाही. उघड्या तोंडाने पेशंट तपासले आणि काही दिवसांत प्लेगनेच गेले. हे वाचल्यापासून मास्कवरून हुज्जत घालणाऱ्या माणसावर मला रागावता येत नाही, त्याची भीतीच वाटते.

कोविडचं काय सांगू? नाकावरचे वळ, कानामागच्या जखमा सगळ्यांनी पाहिल्या. मला आठवतात बचत गटाच्या बायकांनी शिवून पाठवलेले सुती मास्क, कुणाच्या तरी साडीच्या काठाचे. २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातली सक्ती उठली आणि लोकांनी सुटकेचा श्वास घेतला, ते मी समजू शकते. पण त्याबरोबर खोकणाऱ्याने तोंड झाकायची सवयही गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं. टीबी कुठे गेलाय?

आता मी शिकाऊ मुलींना ओपीडीच्या दारात उभं करते. खोकणारा आला की आधी नाव विचारायचं, कुणासोबत राहता विचारायचं, मग मास्क द्यायचा. घरच्यांची नावं घेता घेता माणूस तो बांधतोही. मात्र नुसत्या मास्कने भागत नाही, हवा खेळती लागते. आमच्या वेटिंग हॉलच्या खिडक्या एसीसाठी बंद करून टाकल्यात. त्या उघडाव्यात म्हणून मी परवा पुन्हा अर्ज दिला आहे.