तिसऱ्या वर्षाची चकली

दिवाळीनंतरचे पंधरा-वीस दिवस माझ्या ओपीडीत शुकशुकाट असतो. भाऊबीज होते, तुळशीचं लग्न लागतं, शाळा सुरू होतात, तरी माणसं फिरकत नाहीत. मग डिसेंबरात एकेक फोन यायला लागतो, "मॅडम, जरा गावी गेलो होतो." गावीबिवी कुणी गेलेलं नसतं. वजनकाट्यावर पाय ठेवायचा धीर होत नसतो, एवढंच.

मी आहारतज्ज्ञ आहे. पुण्यात गेली अठरा वर्षं लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया झालेल्या लोकांचं खाणंपिणं बघते. सर्जनचं काम दीड-दोन तासांत उरकतं, माझं दहा-दहा वर्षं चालतं. म्हणून सर्जनकडे पेढे जातात आणि माझ्याकडे कबुलीजबाब येतात.

या लोकांच्या दिवाळ्या मी ऑपरेशनपासून मोजते. पहिल्या दिवाळीत बेसनलाडवाचा सुपारीएवढा तुकडा घशाखाली उतरत नाही आणि त्याचं दुःखही होत नाही. दुसरी दिवाळी कौतुकाची. सगळे ब्लाऊज आत घेतलेले असतात, नातेवाईक आधी ओळखत नाहीत आणि मग ओळखून किंचाळतात. तिसरी मात्र अवघड. बऱ्याच वर्षांपूर्वी एक शिक्षिका अशाच तिसऱ्या दिवाळीनंतर आल्या. खुर्चीत बसल्या, दार नीट लागलंय ना ते बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, यंदा चकली गेली."

"गेली म्हणजे?"

"खाली गेली. काही त्रास न होता. तीन गेल्या."

घरात मुडदा पुरून आल्यासारखा चेहरा होता. त्यावर मी त्यांना काय बोलले ते पुढे सांगते. त्या बोलण्याचा मला अभिमान नाही.

आधी पोटात नेमकं काय केलेलं असतं ते बघू. आपल्याकडे जी शस्त्रक्रिया खूप होते तिला स्लीव्ह म्हणतात. जठराचा पिशवीसारखा फुगणारा भाग, जवळपास तीन-चतुर्थांश किंवा थोडा जास्तच, स्टेपल लावून कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. बायपासमध्ये जठराचा अगदी छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात. १९६०च्या दशकात अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी ही दुसरी पद्धत सुरू केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण बारीकच राहतात, हे त्या काळच्या सर्जनांना ठाऊक होतं, त्यातून ही कल्पना निघाली.

पिशवी लहान केली, माणूस कमी खाणार, असा साधा हिशेब तेव्हा होता. पण जेमतेम वाटीभर खाऊन उठलेली माणसं भुकेनं तळमळत का नाहीत, हे त्या हिशेबात बसेना. १९९९मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन हे हार्मोन शोधलं. भूक चेतवणारं हे हार्मोन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. शिवाय या शस्त्रक्रियांनंतर अन्न लहान आतड्यात लवकर पोचतं आणि 'पोट भरलं' असं मेंदूला कळवणारं जीएलपी-१ जास्त स्रवतं. ज्या इंजेक्शनांची सध्या इतकी चर्चा आहे, ती सेमाग्लुटाईड आणि टिरझेपटाईड, त्यांचा भर याच संदेशावर आहे. म्हणजे आकाराइतकाच, कदाचित त्याहून जास्त, हा निरोपांचा खेळ आहे. पहिल्या वर्ष-दीड वर्षात हे निरोप जोरात असतात. डॉक्टरमंडळी त्याला हनिमून म्हणतात. पेशंटला तो स्वतःचा निग्रह वाटतो. गडबड तिथूनच सुरू होते, कारण उतरलेल्या वजनाचं श्रेय ज्यानं स्वतःकडे घेतलं, त्याला परत आलेल्या वजनाचा दोषही स्वतःकडेच घ्यावा लागतो.

आणि वजन थोडं परत येतं. जवळजवळ सगळ्यांचं येतं. स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेले सुमारे दोन हजार लोक आणि न झालेले तितकेच, दोघांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे शंभर किलोचा माणूस अडुसष्टवर गेला आणि पंचाहत्तरवर स्थिरावला. तरीही शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचं प्रमाण कमी राहिलं. हा अडुसष्ट-पंचाहत्तरचा हिशेब मी आता प्रत्येकाला ऑपरेशनच्या आधीच कागदावर लिहून देते. पूर्वी देत नसे, उगाच निराश कशाला करायचं म्हणून.

शरीराला घटलेलं वजन आवडत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, अर्थात त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन पावपटीनं घटलं. त्यांच्या शरीरानं खर्च आखडता घेतला, नाडी मंदावली, अंगात सतत थंडी. डोक्यात दुसरं काही राहिना. काहीजण पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे. अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूजर' या टीव्ही स्पर्धेचं. व्यायाम आणि कडक आहारावर पन्नास-साठ किलो उतरवलेल्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी तपासलं, तो निबंध २०१६चा. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं. पण त्यांचं शरीर बसल्या जागी जे उष्मांक जाळतं, ते अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी अजूनही कमीच होतं. शस्त्रक्रिया या ओढाताणीत आपल्या बाजूनं बराच जोर लावते. पण दोरीचं दुसरं टोक कुणी सोडून दिलेलं नसतं.

आता स्वयंपाकघरात येऊ, माझी खरी जागा तीच.

वजन परत येतं ते पंगतीतून येत नाही. पुरणपोळीचं भय सगळ्यांना असतं आणि शस्त्रक्रियेनंतर ती दोन घासांपुढे जातही नाही. बायपासवाल्यांना तर गोड पटकन आतड्यात उतरलं की दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते. एकीला सत्यनारायणाच्या शिऱ्यानं असं झालं तर सासूबाईंनी मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढली! वजन येतं ते चिवड्यातून. चिवडा, शेव, खारी, टोस्ट, मारी बिस्किट हे तोंडातच विरघळतं, नळीतून सरकन खाली जातं आणि पोट भरल्याचा निरोप काही निघत नाही. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ अर्ध्यावर थांबवते. चहाबरोबरची चार बिस्किटं कधीच थांबवत नाहीत. म्हणून मी लोकांना "काय जेवता?" असं विचारत नाही. सगळे खरंच शहाण्यासारखं जेवतात. मी विचारते, "जेवणं सोडून काय काय?" मग खरी यादी बाहेर येते. मुलांच्या डब्यातलं उरलेलं, भाजी निवडताना शेंगदाणे, रात्री टीव्हीपुढचा चिवड्याचा डबा. त्यात जेवताना पाण्याचे घोट घ्यायची सवय. पाण्याबरोबर अन्न सरकतं आणि जागा पुन्हा रिकामी होते, म्हणून जेवण आणि पाणी यांत अर्धा तास ठेवा असं घोकून घोकून सांगावं लागतं.

उपास हा वेगळा अध्याय आहे. एक गृहस्थ सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी करायचे आणि वजन हलत नाही म्हणून हवालदिल झाले होते. महिन्यातले दहा-बारा दिवस माणूस साबुदाणा, बटाटा आणि दाण्याच्या कुटावर होता. मी शंकराच्या आणि दत्ताच्या मध्ये पडत नाही. सोमवारी ताक, पनीर आणि राजगिरा इतकीच तडजोड करून घेतली.

प्रथिनांचं गणित मराठी शाकाहारी घरात फार कठीण आहे, हे मान्य करायलाच हवं. रोज किमान ६० ग्रॅम लागतात. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. आपल्या लाडक्या वरणात डाळ कमी आणि पाणी जास्त. 'मी रोज वरण खाते' हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. म्हणून पहिला घास उसळीचा, पिठल्याचा, अंड्याचा किंवा माशाचा. भाताची पाळी शेवटी, जागा उरली तर. ताटाचा हा उलटा क्रम घरच्यांना सगळ्यात जास्त खुपतो. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही उतरतो, आणि आपल्याकडे स्नायू मुळात बेताचाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१! मी तो फोटो ओपीडीत दाखवते. "डॉक्टर तर बारीक दिसतात की," हे ठरलेलं वाक्य येतं, आणि मग वजनकाटा सगळं सांगत नाही हे समजावणं सोपं जातं. वजनं उचलायचा व्यायाम कशासाठी, तेही.

घरच्यांबद्दल लिहायला बसले तर हा अंक पुरायचा नाही. "किती आजारी दिसतेस", "आता बास कर", "एवढ्यानं काय होतंय", हे म्हणणारी माणसं प्रेमाचीच असतात. आग्रह करून वाढणं हीच ज्यांची माया, त्यांना वाटीभर जेवून उठणारी सून म्हणजे आपल्या हातच्या स्वयंपाकाचा अपमान वाटते. पुरुषांचं वेगळं असतं. त्यांना जेवायचा आग्रह कमी होतो, प्यायचा जास्त. बायपासनंतर दारू झपाट्यानं रक्तात जाते आणि दुसऱ्या वर्षानंतर काहींना तिचं व्यसन लागतं. हे बायकोसमोर बोलायचं की तिला बाहेर पाठवून, याचा निर्णय मला अजूनही दर वेळी नव्यानं घ्यावा लागतो.

तर त्या चकलीवाल्या बाई. शस्त्रक्रियेच्या वेळी ११२ किलो होत्या, ७६पर्यंत उतरल्या होत्या, त्या दिवशी काटा ८० दाखवत होता. मी त्यांना म्हणाले, "एवढा खर्च केलात, एवढं पोट कापून घेतलंत, आणि चार किलो चकलीवर घालवलेत?" असं काहीतरी. आवाजही चढला असावा. त्या काही बोलल्या नाहीत. फाईल नीट पिशवीत ठेवली, "येते" म्हणाल्या आणि आल्या नाहीत.

चार वर्षांनी आल्या त्या पायांना मुंग्या येतात म्हणून. वजन ९४. पण माझ्या पोटात गोळा आला तो रक्ताचा रिपोर्ट बघून. बी-१२ तळाला, हिमोग्लोबिन आठ. स्लीव्हनंतर बी-१२ शोषायला लागणारा घटक कमी बनतो, त्यात त्या पूर्ण शाकाहारी. गोळ्या-इंजेक्शनं जन्मभर चालू ठेवायची असतात. त्यांनी बंद केली होती, कारण लिहून द्यायला माझ्याकडे यावं लागलं असतं. माझ्याकडे आल्यावर काटा होता. चार किलोंसाठी मी एका बाईला तिच्या औषधांपासून तोडलं होतं. रक्तदाब वाढला म्हणून कुणी हृदयाच्या डॉक्टरांची माफी मागत नाही. लठ्ठपणाचा पेशंट मात्र आल्या आल्या "सॉरी मॅडम" म्हणतो, आणि ते आम्हीच त्याला शिकवलेलं असतं.

त्यानंतर मी काटा दाराशेजारून उचलून आतल्या कोपऱ्यात नेला. आधी गोळ्यांची चौकशी, मग झोप, मग पाय चालतात का, मग जेवण. वजन सगळ्यात शेवटी, आणि नको असेल तर त्या दिवशी नाही. वजन वाढलं तर तपासायच्या गोष्टी पुष्कळ असतात. थायरॉईड, मधुमेहाची काही औषधं, नैराश्याच्या काही गोळ्या, पसरट झालेली नळी. कधी इंजेक्शनची मदत घ्यावी लागते, क्वचित दुसरी शस्त्रक्रिया. ते ठरवायला माणूस समोर यावा लागतो.

बाईंच्या मुंग्या गेल्या, त्याला सात-आठ महिने लागले. वजन ८६च्या आसपास येऊन थांबलं आणि गेली सहा वर्षं तिथेच आहे. ७६ पुन्हा दिसले नाहीत. त्यांना त्याचं थोडं वाईट वाटतं, मला आता वाटत नाही.

भाऊबीजेनंतरच्या सोमवारी पहिली वेळ त्यांची असते. गेल्या वर्षी स्वतःच कोपऱ्यात जाऊन काट्यावर उभ्या राहिल्या. "पंच्याऐंशी किलो सहाशे. लिहा." मी लिहिलं. मग पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. भाजणीत यंदा सोयाबीन आणि जास्तीची हरभऱ्याची डाळ घातली होती म्हणे, प्रथिनांसाठी.

मी एक चकली तोंडात टाकली. चावेना.

"कडक झाल्यात ना?" त्या म्हणाल्या. "म्हणून तर एकीवर थांबते."