थ्री-नॉट-थ्री, तुझं खरं वय किती?

प्रिय थ्री-नॉट-थ्री,

नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईत सीएसटीच्या फलाटावर अतिरेक्यांच्या स्वयंचलित बंदुकांसमोर आमच्या पोलिसांच्या हाती तू होतीस. तेव्हापासून तुझं नाव निघालं की पाठोपाठ 'पहिल्या महायुद्धातलं भंगार' हे शब्द येतातच. त्या रात्री तू कमी पडलीस, हे नाकारण्यात अर्थ नाही. एक गोळी झाडायची, बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. समोरच्याला तेवढा वेळ पुरतो. तुझी तरफदारी करायला मी बसलेलो नाही. फक्त लोक तुझं वय ज्या एका आकड्यावरून सांगून मोकळे होतात, त्याबद्दल थोडं बोलायचं आहे.

दस्ता जिथे सुरू होतो तिथे तुला एक पोलादी गळा आहे. त्याच्या उजव्या अंगाला वर मुकुट, खाली राजाची आद्याक्षरं, मग कारखान्याचं नाव, साल आणि मार्क. 'एनफिल्ड' असेल तर माहेर लंडनच्या उत्तरेला, 'बी. एस. ए. कं.' असेल तर बर्मिंगहॅम, 'लिथगो' असेल तर ऑस्ट्रेलिया. मुकुटाखाली 'जी. आर.'च्या जागी 'जी. आर. आय.' आणि 'ईशापूर' दिसलं की तू आपल्या हुगळीकाठची. तो शेवटचा 'आय' सम्राटपदाचा. पुढे प्रजासत्ताक आलं, तसा मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. मार्क थ्रीपुढचा तारा 1916 चा: महायुद्धात कारखान्यांना मागणी झेपेना, तेव्हा मॅगझिनची कट-ऑफ पट्टी आणि लांब पल्ल्याच्या सामूहिक गोळीबाराच्या साइट्स वगळून तुला साधं केलं, त्याची ती खूण. एवढं वाचता आलं की माणसाला तू समजल्यासारखी वाटतेस. पण हा झाला फक्त जन्मदाखला, तोही तुझ्या धडापुरता.

लेस्टरला एका मराठी मित्राच्या दिवाणखान्यात तू भिंतीवर आहेस. रीतसर निकामी केलेली, शस्त्रं तपासणाऱ्या प्रूफ हाउसच्या शिक्क्यासकट. गळ्यावर बी. एस. ए., 1917. मित्र पाहुण्यांना अभिमानाने तेवढंच साल दाखवतो. आम्ही मागचा हँडगार्ड उचलला, तर नळीच्या जाड मुळाशी दुसऱ्या महायुद्धातलं साल निघालं. म्हणजे पहिली नळी झिजली, ती काढून दुसरी बसवली. पुढच्या लाकडात एक चौकोनी ठिगळ, इतकं बेमालूम की बोट फिरवल्यावरच कळावं. आणि लाकूड चिरू नये म्हणून आरपार घातलेला आडवा स्क्रू. या स्क्रूला जगभरचे संग्राहक ईशापूरच्याच नावाने ओळखतात. धड बर्मिंगहॅमचं, डागडुजी हिंदुस्थानातली. बोल्टच्या दांडीवर मूळ नंबर आडव्या रेघेने खोडलेला, शेजारी धडाशी जुळणारा नवा नंबर ठोकलेला. सरकारी फाइलवर आधीचा शेरा खोडतात तो पुसून टाकत नाहीत, वाचता येईल असाच ठेवतात, अगदी तसा.

मित्राचा चेहरा उतरला. संग्राहकांच्या बाजारात सगळे नंबर मूळचे जुळणारी रायफल चढ्या भावाने जाते, खोडलेल्या नंबराची मागे पडते. मला हा हिशेब उफराटा वाटतो. बोल्ट हा काही कोणत्याही धडात ढकलून द्यायचा सुटा भाग नव्हे. बोल्टचं तोंड आणि नळीचं मागचं टोक यांच्यातलं अंतर गेजने मोजावं लागतं. ते जास्त झालं तर पितळी केस फाटते आणि तापलेला वायू झाडणाऱ्याच्या तोंडावर येतो. म्हणून बोल्ट बदलला की आर्मररने तो तपासून, बसवून, नवा नंबर ठोकायचा. तो खोडलेला आकडा ही एका कारागिराने घेतलेली जबाबदारी आहे. बाजारात गिऱ्हाइकासाठी मागाहून नंबर ठोकणारे महाभागही आहेत म्हणा. पण ते जुना नंबर घासून काढतात, खोडून शाबूत ठेवत नाहीत.

तुझ्या काही बहिणींच्या अंगावर 'एफ. टी. आर.' आणि पुढे साल असतं. लिव्हरपूलजवळच्या फझाकर्लीत किंवा लिथगोत रायफल पुरती सुटी करून, प्रत्येक भाग मापून, झिजलेलं बदलून, पोलादाला नवा मुलामा देऊन बाहेर काढली, असा त्याचा अर्थ. गळ्यावर 1917 आणि शेजारी 1950 च्या दशकातलं एफ. टी. आर. असेल, तर चालण्याच्या दृष्टीने ती रायफल कोणत्या सालची म्हणायची? मी तरी दुसरंच साल धरीन.

नकली माल ओळखायचा तर मात्र जन्मखुणाच कामाला येतात. पेशावरच्या दक्षिणेला दर्रा आदम खेलमध्ये हातोडी-कानशीवर तुझ्या नकला पिढ्यान्पिढ्या घडल्या. हात इतके तयार की लांबून फरक कळू नये. घात होतो तो अक्षरांत. 'एनफिल्ड'मधला इंग्रजी एन उलटा पडतो, नाहीतर तुझ्यासारख्या आखूड रायफलीवर व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं येतात. राणी 1901 च्या जानेवारीत वारली आणि तुझी आखूड जात त्यानंतरची. ज्याला ती लिपीच वाचता येत नव्हती, त्याने चित्र म्हणून शिक्का उतरवला, त्याला दोष तरी काय द्यायचा!

फौजेतून बाहेर पडल्याचीही नोंद आहेच. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण म्हणजे सरकारने विकून टाकलेली. ब्रिटनमध्ये विक्रीआधी प्रूफ हाउसची परीक्षा, मग नळीवर काडतुसाच्या केसची लांबी 2.222 इंच आणि दाब 18.5 टन. अमेरिकेत गेलीस तर आयात करणाऱ्याचं नाव-गाव. कवायतीपुरती उरलीस तर 'डी. पी.', एनसीसीत माझ्या खांद्यावर आलीस ती याच रूपात. वजनाने खांदा काळानिळा झाला, पण तेव्हा शिक्के वाचायची अक्कल नव्हती.

आणि तुझी गोळी? पितळी बुडावर 'के. एफ.' असेल तर ती आमच्या पुण्याची, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. 1869 पासूनच्या या कारखान्याची ही दोन अक्षरं परदेशी संग्राहकांना तोंडपाठ आहेत. खडकीच्या लोकलने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ती ठाऊक असतील, शंकाच आहे.

तुझ्या धाकट्या बहिणीवर तर धडधडीत अन्याय चालू आहे. 1962 च्या चीन युद्धानंतर ईशापूरने 7.62 मिलिमीटरची 'टू-ए' आणि मग 'टू-ए-वन' काढली. चेहरा तुझा, पण मॅगझिन 12 गोळ्यांचं आणि पोलाद वाढीव दाब सोसणारं. तरी परदेशातले विक्रेते ती तुझीच नळी बदलून केली असं बिनदिक्कत सांगतात. गळ्यावरचं 1960 च्या दशकातलं साल आणि मार्क वाचण्याचेही कष्ट घेत नाहीत. टू-एच्या साइटवर आकडे 2,000 पर्यंत, टू-ए-वनच्या साइटवर 800 पर्यंतच. दोघींना वेगळं ओळखायला तेवढं पुरे.

जानेवारी 2020 मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांनी प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात तुला निरोप दिला. आपल्याकडे तू निषिद्ध बोअरची, तेव्हा कोणी हौशी माणूस तुला विकत घेऊन भिंतीवर लावील ही शक्यता नाही. म्हणून शस्त्रागारांच्या हवालदारांकडेच माझं एक मागणं आहे: तुला रजिस्टरमधून कमी करताना गळ्यावरचं साल उतरवून थांबू नका. हँडगार्ड उचला, नळीचं साल, बोल्टचा खोडलेला नंबर, लाकडातलं ठिगळ, सगळ्याचे फोटो काढून त्या पानाला जोडा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

तुझा,
एक जुना कॅडेट